वाट, वहिवाट आणि वीतभर जागा

आमच्याकडे येणाऱ्या पत्रांचा एकदां सहज हिशेब करून पाहिला, तेव्हां एक गोष्ट ध्यानांत आली. मुलांचें शिक्षण, सुनांची नोकरी, म्हाताऱ्या माणसांची शुश्रूषा हे या सदराचे नेहमींचे विषय खरे. पण ज्या पत्रांचीं पानें सर्वांत अधिक भरतात आणि ज्यांतील अक्षर शेवटीं शेवटीं थरथरूं लागतें, तीं पत्रें बहुधा एखाद्या वाटेविषयीं असतात. वाट म्हणजे कांहीं राजमार्ग नव्हे. कोठें चार फुटांची, कोठें सहा फुटांची. शेजाऱ्याच्या फणसाखालून किंवा भावाच्या शेताच्या बांधावरून जाणारी. बाजारभावानें तिची किंमत काढूं गेल्यास ती वाट बंद करणाऱ्या गडग्याच्या चिऱ्यांइतकीही भरणार नाहीं. आणि तिच्यापायीं दोन दोन पिढ्या एकमेकांच्या घरचें पाणी पीत नाहींत.

आम्ही वकील नव्हों, हें आरंभींच सांगितलेलें बरें. आयुष्य शाळेंत गेलें, आणि स्मृतींतील व्यवहाराचे अध्याय वाचले ते संस्कृताच्या गोडीनें, कज्जे चालविण्यासाठीं नव्हे. परंतु गांवांत मास्तर म्हटला कीं त्याला कागद वाचून दाखवावे लागतात, आणि वाटपपत्रें, फेरफार, मोजणीचे नकाशे वाचतां वाचतां माणूस थोडासा जाणता होतोच. तेवढ्याच अधिकारावर आज लिहीत आहों.

आश्विनांत एका वाचक भगिनीचें पत्र आलें. त्यांचें सासर पुण्यास, माहेर रत्नागिरी जिल्ह्यांतील एका खेड्यांत. सुमारें सत्तर वर्षांपूर्वी त्यांच्या आजोबांचें आणि आजोबांच्या वडील भावाचें वाटप झालें. पुढील घर व रस्त्याकडील आगर थोरल्याकडे, मागील घर व वहाळाकडील आगर धाकट्याकडे. वाटपाचा कागद आम्हीं पाहिला. लिहिणारा मोठा दक्ष असावा. माड मोजून लिहिले आहेत, विहिरीच्या पाळ्या वारांनिशीं लिहिल्या आहेत, एक पितळी घंगाळ कोणाकडे राहावें हेंही लिहिलें आहे. मागच्या घरांतल्या माणसांनीं रस्त्यावर यावें कसें, याविषयीं मात्र एक अक्षर नाहीं. त्या वेळीं तें लिहिण्याचें कोणाच्या मनांतही आलें नसेल. भावाच्या अंगणांतून भाऊ जाणार नाहीं तर कोण जाणार!

आतां पुढल्या घरांतील चुलतबंधु मुंबईहून निवृत्त होऊन गांवीं आले आहेत. ज्येष्ठांत त्यांनीं बेडें काढून तेथें गडगा घातला. मागच्या घरांत या भगिनींच्या ८२ वर्षांच्या मातोश्री एकट्या राहतात. गॅसची टाकी गड्याच्या डोक्यावरून वहाळांतून येते. आषाढांत त्या आजारी पडल्या, तेव्हां चौघांनीं त्यांना खुर्चीवर बसवून कमरेएवढ्या पाण्यांतून पलीकडे नेलें. घराण्याचा गणपति एकच, तो पुढल्या घरीं बसतो. या भाद्रपदांत मागच्या घरचें कोणी आरतीला गेलें नाहीं. पत्राच्या शेवटीं त्या विचारतात: “मास्तर, आमचा या वाटेवर कांहीं हक्क आहे, कीं आम्हीं जन्मभर मेहेरबानीवरच चालायचें?”

एका बाजूचें ऐकून मत देऊं नये, म्हणून आम्हीं त्या बंधूंनाही पत्र घातलें. त्यांचें उत्तर सभ्य आणि सविस्तर आलें. ते लिहितात कीं, काकूंना अडवावें असा आपला हेतु कधींच नव्हता. पण मागचें घर विकण्याचें चाललें आहे, घेणारा मुंबईचा आहे, तो तेथें प्रवाशांसाठीं खोल्या बांधणार, आणि मग रात्रीं-बेरात्रीं मोटारी आपल्या निजण्याच्या खोलीच्या खिडकीखालून जाणार. “आमच्या वडिलांनीं जाऊं दिलें म्हणून ते जात होते. जाऊं देणें हा आमचा चांगुलपणा होता, त्यांचा हक्क नव्हे.” घर विकण्याचा विचार आहे, हें भगिनींनीं आमच्यापासून लपविलें नव्हतें, पण तें पत्राच्या कोपऱ्यांत बारीक अक्षरांत होतें.

दोन्ही पत्रें वाचल्यावर आम्हांस असें वाटलें कीं हें भांडण चार फुटांच्या पट्टीचें नाहींच. एका बाजूस म्हातारीच्या जिवाची भीति आहे, दुसऱ्या बाजूस उतारवयांत मिळालेल्या शांततेची. आणि दोघांनाही वाटतें कीं कायदा आपल्याच बाजूस आहे. म्हणून कायदा काय म्हणतो तें आधीं पाहूं. पण त्याआधीं थोडें मागें जाऊं.

सीमेचे वाद आपल्याकडे इतके जुने आहेत कीं मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायांत त्यांचें स्वतंत्र प्रकरण आहे. सीमेचा निर्णय ज्येष्ठ मासांत करावा, कारण तेव्हां खुणा स्पष्ट दिसतात, असें तेथें सांगितलें आहे. ज्यानें कोंकणांत पावसाळ्यानंतर हद्दीचा दगड शोधला असेल त्याला या सांगण्यांतलें शहाणपण पटेल. आश्विनांत गवत पुरुषभर उंच असतें. सीमेवर वड, पिंपळ, पळस, सांवरी असे दीर्घायुषी वृक्ष लावावे, आणि शिवाय जमिनींत गुप्त खुणा पुराव्या: दगड, हाडें, कोंडा, राख, खापऱ्या, विटा, कोळसे, म्हणजे जें लवकर कुजून जात नाहीं तें. वरची खूण शेजारी हलवील हें मनूनें गृहीतच धरलेलें आहे! साक्षीदारांनीं डोक्यावर माती घेऊन, तांबड्या माळा व तांबडीं वस्त्रें धारण करून, आपल्या पुण्याची शपथ घेऊन सीमा दाखवावी, असाही विधि आहे. हल्लीं भूमापक यंत्र घेऊन येतो. डोक्यावर माती घेण्याची पद्धत राहिली असती, तर साक्षी थोड्या कमी मिळाल्या असत्या असें आम्हांस वाटतें.

याज्ञवल्क्यानें याहून नाजूक गोष्ट सांगितली आहे. आपली जमीन दुसरा भोगीत आहे हें डोळ्यांनीं पाहत असतां जो गप्प बसतो, त्याची वीस वर्षांनीं हानि होते. जंगम धनाची दहा वर्षांनीं. आणि लगेच पुढल्या श्लोकांत अपवाद सांगितले आहेत, त्यांत गहाण आणि ठेव यांच्याबरोबर ‘सीमा’ हीही आहे. शेजाऱ्याशीं वाद नको म्हणून माणूस हद्दीवर गप्प बसतो. त्या सौजन्यानें त्याची हद्द जाऊं नये, असा हेतु त्यांत दिसतो. विज्ञानेश्वरानें मिताक्षरेंत आणखी एक पाऊल पुढें टाकून म्हटलें कीं ही हानि जमिनीची नव्हे, तिच्या उत्पन्नाची. नुसत्या भोगानें मालकी मिळते असें म्हटलें तर चोरासही मालक म्हणावें लागेल, ही त्याची अडचण होती.

आतांचा कायदा १८८२ चा आहे. त्यास ‘इंडियन ईझमेंट्स ॲक्ट’ म्हणतात, आणि सरकारी मराठींत ईझमेंटला ‘सुविधाधिकार’ हा शब्द आहे. मुंबई इलाख्यास तो १८९१ मध्यें लागू झाला. दुसऱ्याच्या जमिनीवरून जाण्याचा हक्क वीस वर्षांच्या वहिवाटीनें मिळतो, असें त्यांत आहे. हा वीसाचा आंकडा याज्ञवल्क्याचाच, असें सांगून टाळ्या घेणारे वक्ते आम्हीं ऐकले आहेत. तसें नाहीं. तो इंग्लंडच्या १८३२ च्या कायद्यावरून आला. दोन देशांतल्या शहाण्यांना एकच मुदत योग्य वाटली, इतकेंच. आणि ती एका पिढीच्या मुदतीच्या जवळपास आहे, हें त्याचें कारण असावें.

‘वहिवाट’ या शब्दांतच ‘वाट’ आहे, पण सगळीच वाट वहिवाट होत नाहीं. कायद्यास हवी असलेली वहिवाट उघड पाहिजे, शांततेची पाहिजे, अखंड पाहिजे, आणि मुख्य म्हणजे हक्क म्हणून केलेली पाहिजे. वीस वर्षें कधीं काळीं झालीं होतीं, हेंही पुरत नाहीं. दावा लावण्यापूर्वींच्या दोन वर्षांच्या आंत ती वहिवाट येऊन पोंचलेली असली पाहिजे. आणि जी वहिवाट मालकाच्या परवानगीनें झाली ती, पन्नास वर्षें झाली तरी, हक्क निर्माण करीत नाहीं. परवानगी ती परवानगीच; देणाऱ्यास ती सामान्यतः परत घेतां येते.

येथें आम्हांस नेहमीं थोडें थांबावेंसें वाटतें. ज्या शेजाऱ्यांचें जन्मभर पटलें नाहीं, ज्यांनीं एकमेकांस न विचारतां, मान वर करून वाट तुडविली, त्यांचा हक्क सिद्ध होतो. आणि ज्या घरच्या सुनेनें दरवेळीं पुढल्या ओटीकडे पाहून “वन्सं, जाऊं का हो इकडून?” म्हणून विचारलें, आणि पलीकडून “अगं, विचारतेस काय, जा कीं!” असें उत्तर आलें, तिच्या वीस वर्षांच्या चालण्याला कायदा वहिवाट म्हणावयास कांकूं करतो. यांत कायद्याचा दोष आहे असें आम्ही म्हणत नाहीं. शेजारधर्मानें जाऊं देणाऱ्याची जमीन त्याच्या सौजन्यामुळें ओझ्याखालीं जाऊं नये, हेंही न्याय्यच आहे. नाहीं तर कोणीच कोणास जाऊं देणार नाहीं. पण चांगुलपणाची किंमत कोणाला द्यावी लागते, हें पाहून मन थोडें खिन्न होतें खरें.

तेव्हां आमच्या भगिनींनीं वहिवाटीवर फार भिस्त ठेवूं नये, असें आम्हीं त्यांस कळविलें. “वडिलांनीं जाऊं दिलें” या चुलतबंधूंच्या एका वाक्यानें ती बाजू लंगडी होते. परंतु त्याच कायद्याचें तेरावें कलम त्यांच्या मदतीस येतें, आणि तें बहुतेक घराण्यांना ठाऊक नसतें. एकत्र मिळकतीचें वाटप झालें आणि एकाच्या वांट्यावरून गेल्याशिवाय दुसऱ्यास आपला वांटा भोगतांच येत नसेल, तर तो जाण्याचा हक्क वाटपाबरोबर आपोआप उत्पन्न होतो. कागदांत लिहिलेलें असो वा नसो. यास गरजेचा हक्क म्हणतात. येथें वीस वर्षें मोजावयाचीं नाहींत, आणि परवानगीचाही प्रश्न नाहीं. वाटप लिहिणारा घंगाळापाशीं थांबला. कायद्यानें वाटेचें वाक्य त्याच्या वतीनें लिहून ठेवलें आहे.

मात्र गरज खरी पाहिजे. दुसरी वाट आहे, पण ती लांब आहे, चिखलाची आहे, एवढ्यानें भागत नाहीं. वहाळांतून पावसाळ्याचे चार महिने जातां येत नाहीं, ही वाट ‘आहे’ म्हणावी कीं ‘नाहीं’ म्हणावी, यावर वकिलांचा चांगला उदरनिर्वाह होऊं शकेल. आमच्या मतें ती नाहीं. तिचा निर्णय अर्थात् न्यायाधीश करील, मास्तर नव्हे. आणि गरज संपली कीं हा हक्कही संपतो. उद्यां ग्रामपंचायतीनें वहाळावर सांकव घालून मागल्या बाजूनें रस्ता आणला, तर पुढल्या अंगणावरचा हक्क त्या दिवशीं मावळला.

आतां चुलतबंधूंच्या भीतीविषयीं. गरजेच्या हक्काची व्याप्ति किती? तर तो हक्क उत्पन्न झाला तेव्हां गरज जेवढी होती तेवढी. सत्तर वर्षांपूर्वीं त्या घरास मोटार लागत नव्हती. माणूस पायीं येई, ओझें डोक्यावरून येई, आजारी माणूस डोलींतून जाई. शिवाय मागच्या मिळकतींत नवीन कांहीं बांधून किंवा वाढवून पुढल्या मिळकतीवरचें ओझें भरमसाट वाढवितां येत नाहीं, असेंही कायद्यांत स्पष्ट आहे. म्हणजे मुंबईच्या गृहस्थांनीं तें घर घेतलें तरी घराबरोबर त्यांना पायवाट मिळेल. प्रवाशांच्या मोटारींचा मार्ग मिळणार नाहीं. आणखी एक गोष्ट बंधूंना ठाऊक नव्हती. गरजेची वाट कोठून जावी हें आखण्याचा पहिला अधिकार ज्याच्या जमिनीवरून ती जाते त्यालाच आहे. ती वाजवी सोयीची असली म्हणजे झालें. खिडकीखालून नको असेल, तर दक्षिणेकडील गडग्याच्या कडेनें द्यावी. पन्नास पावलें अधिक पडलीं तर कोणाचें कांहीं जात नाहीं. परंतु ती आखून देण्याचें त्यांनीं नाकारलें किंवा टाळलें, तर आखण्याचा अधिकार मागल्या घराकडे जातो. गडगा घालून बसणें हा त्यांच्या दृष्टीनेंही शहाणपणाचा मार्ग नव्हे, तो याचसाठीं.

पण आमच्या भगिनींची खरी काळजी पायवाटेनें मिटत नाहीं. त्यांना रुग्णवाहिका दारापाशीं यावयास हवी आहे. ती मागण्याचा हक्क या कायद्यांतून निघत नाहीं, असें आम्हांस स्पष्ट सांगावें लागलें. जें कायद्यानें मिळत नाहीं तें बोलण्यानें मिळवावें लागतें, आणि बोलण्यासाठीं दुसऱ्याच्या हिताचें कांहीं तरी हातांत असावें लागतें.

कौटिल्यानें वाटांच्या रुंदी सांगितल्या आहेत: रथासाठीं पांच अरत्नि, गुरांसाठीं चार, माणसांसाठीं व लहान जनावरांसाठीं दोन. अरत्नि म्हणजे एक हात, सुमारें दीड फूट. त्या हिशेबानें माणसाची वाट तीन फूट आणि रथाची साडेसात फूट. आपल्याकडील महसुली व्यवहारांत पायमार्ग सव्वाआठ फूट आणि गाडीमार्ग साडेसोळा फुटांपासून पुढें धरतात. हे अपूर्णांक चमत्कारिक वाटतात, पण जुनी मोजणीची सांखळी ३३ फुटांची होती. तिचा चौथा भाग सव्वाआठ आणि अर्धा साडेसोळा. गुंठा म्हणजे तीच सांखळी चौरस, १,०८९ चौरस फूट. मागच्या घरापासून रस्त्यापर्यंत अंतर सुमारें १३२ फूट आहे. सव्वाआठ फूट रुंदीची पट्टी १३२ फूट नेली तर बरोबर एक गुंठा होतो. म्हणजे सगळें भांडण अधिकांत अधिक एका गुंठ्याचें; आणि त्यांतही मालकी द्यावयाची नाहींच, जाण्याचा हक्क द्यावयाचा. कडेचे माड, त्यांचे नारळ, जमीन, सारें पुढल्या घराचेंच राहील.

आम्हीं दोघांनाही एकच मसुदा पाठविला. दक्षिणेकडील गडग्यालगत सव्वाआठ फुटांची पट्टी. मागल्या घराच्या राहण्यासाठीं पायीं, हातगाडीनें आणि आजारपणांत रुग्णवाहिकेनें जाण्याचा हक्क. धंद्याच्या वाहनांस मनाई. बेडें असावें पण त्यास कुलूप नसावें. दुरुस्ती मागल्या घरानें करावी. आणि घर विकलें तरी या अटी घेणाऱ्यावर बंधनकारक राहाव्या. मोबदला म्हणून वहाळाकडील दोन माडांचें उत्पन्न पुढल्या घरास. पाण्याची नळी आणि विजेची तार न्यावयाची असल्यास तेंही आतांच लिहावें, कारण जाण्याच्या हक्कांत नळी पुरण्याचा हक्क येत नाहीं. पुष्कळ तंटे येथेंच नव्यानें सुरू होतात. असा कागद नुसता सह्या करून पेटींत ठेवूं नये. स्थावरांतील शंभर रुपये किंवा अधिक किंमतीचा हक्क निर्माण करणारा लेख १९०८ च्या नोंदणी कायद्याप्रमाणें नोंदवावा लागतो. त्याला नकाशा जोडावा आणि सातबाऱ्याच्या ‘इतर हक्क’ या रकान्यांत त्याची नोंद करून घ्यावी. कागद नातवांना वाचतां आला पाहिजे. आपण आज ज्या गोष्टी ‘सर्वांना ठाऊकच आहेत’ म्हणून लिहीत नाहीं, त्या नातवांना ठाऊक नसतात.

बोलणीं चालूं असतां मुदतीकडे दुर्लक्ष होऊं देऊं नये, हेंही आम्हीं त्या भगिनींस बजावलें. शेतीच्या किंवा झाडांच्या लागवडीच्या जमिनीकडे जाणारी रूढ वाट कोणी बेकायदा अडविली, तर १९०६ च्या मामलेदार न्यायालयांच्या कायद्याप्रमाणें तहसीलदाराकडे दाद मागतां येते. पण अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांच्या आंत. ज्येष्ठांत गडगा झाला, पत्र आश्विनांत आलें. आगर ही झाडांचीच लागवड असल्यामुळें तो दरवाजा त्यांना उघडा असावा असें वाटतें, पण तो मार्गशीर्षांत बंद होईल. म्हणून तालुक्याच्या वकिलास कागद दाखवून ठेवावे. दिवाळीस सर्व मंडळी गांवीं जमणार आहेत. बंधूंनीं आपण होऊन लिहिलें आहे कीं पाडव्याच्या दिवशीं दोरी घेऊन दक्षिणेची कड मोजून पाहूं.

घाटावरच्या वाचकांसाठीं दोन शब्द. शेताला वाटच नाहीं आणि नवी पाहिजे, तर १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेचें १४३ वें कलम पाहावें. दुसऱ्याच्या सर्व्हे नंबराच्या हद्दीवरून, म्हणजे बांधाच्या कडेनें, रस्ता मागतां येतो आणि शेतकऱ्याची वाजवी गरज पाहून तहसीलदार तो देतो. निर्णय मान्य नसल्यास एका वर्षाच्या आंत दिवाणी दावा करतां येतो. असलेली वाट कोणी मोडली असेल, तर वर सांगितलेला १९०६ चा कायदा. पुष्कळ लोक जुनी वाट मोडली म्हणून १४३ खालीं अर्ज करतात, किंवा नवी वाट हवी म्हणून मामलेदार न्यायालयांत जातात, आणि दोन वर्षांनीं अर्ज निकालीं निघाला म्हणून सरकारास दोष देतात. उसाची गाडी शेतांत अडकून पडलेली असतां दोन वर्षें फार होतात.

शहरांतील वाचकांचीं पत्रें निराळीं, पण मूळ तेंच. एका गृहस्थांनीं पुण्याच्या बाहेर भूखंड घेतला. नकाशावर रस्ता त्यांच्या हद्दीपर्यंत आलेला दिसतो. मोजणी केली तेव्हां रस्ता आणि भूखंड यांच्यामध्यें एक फुटाची पट्टी निघाली, ती मूळ मालकाच्या नांवावर. एक फूट जमिनीवर तुळसही नीट वाढावयाची नाहीं. पण ती ओलांडल्याशिवाय घरांत जातां येत नाहीं, आणि ती ओलांडण्याचे मालक कांहीं लाख मागतो. हा डाव आपल्याकडे नवा वाटला तरी तो जगभर आहे. इंग्लंडांत अशा पट्टीस खंडणीची पट्टी म्हणतात, आणि १९६१ मध्यें केंब्रिजच्या एका प्रकरणांत तेथील न्यायाधिकरणानें पट्टीमुळें मोकळी होणाऱ्या वाढीव किंमतीचा एक-तृतीयांश भाग पट्टीवाल्याचा धरला. तेव्हांपासून तिकडे घासाघीस बहुधा त्या आंकड्यापासून सुरू होते. कॅनडाच्या ऑन्टॅरिओ प्रांतांत नगरपालिकाच रस्त्याच्या टोकास एक फुटाची पट्टी आपल्याकडे राखून ठेवतात, म्हणजे पलीकडच्या जमीनमालकास नगरपालिकेस विचारल्याशिवाय रस्ता जोडतां येऊं नये. पट्टी तीच, सार्वजनिक हातांत ती अंकुश होते आणि खाजगी हातांत खंडणी.

म्हणून भूखंड घेणारानें छापील रंगीत नकाशावर विसंबूं नये. मोजणीच्या नकाशावर रस्ता हद्दीस खरोखर टेकतो कीं नाहीं तें पाहावें, आणि रस्त्याची जमीन कोणाच्या नांवावर आहे तो उतारा काढावा. कित्येक ठिकाणीं वसाहत वसून तीस वर्षें झालीं तरी आंतल्या रस्त्यांची जमीन दप्तरीं मूळ मालकाच्याच नांवें असते, आणि त्याचे नातू एके दिवशीं तेथें फलक लावतात. घराभोंवतीं सोडावयाची जी सामासिक जागा असते, तिच्याविषयींही गैरसमज फार. ती बांधकामाच्या नियमांनीं मोकळी ठेवलेली तुमचीच जमीन आहे. मोकळी आहे म्हणून शेजाऱ्याची वाट होत नाहीं, आणि तुमची आहे म्हणून तिच्यावर पत्र्याची शेड घालतां येते असेंही नाहीं.

पागोळ्यांच्या पाण्याविषयीं दोन पत्रें येऊन पडलीं आहेत. एकाच्या छपराचें पाणी दुसऱ्याच्या भिंतीवर पडतें, आणि दुसऱ्यानें आतां भिंतच उंच केली आहे. तीं पुढील अंकीं घेऊं. दोन्ही वाचकांनीं तोंपर्यंत घरांची बाजू आणि उतार दाखविणारी साधी आकृति काढून पाठवावी. मजकुरावरून पाणी कोणत्या दिशेनें वाहतें तें आम्हांस कळलें नाहीं.